बसला रस्ता द्या : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
मुंबई.

आयुक्त महोदय,



१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. त्या गोष्टीला १५ जुलै २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दी म्हटली की समारंभ आलेच. गाड्यांना हार घातले जातील, आणिक आगारातल्या संग्रहालयात मुलांना घेऊन आईवडील येतील, भाषणे होतील. ते सगळे व्हावे, मला आनंदच वाटेल. पण शंभराव्या वर्षात बेस्टच्या बसला काही द्यायचे असेल तर तिला रस्ता द्या. मुंबईच्या मोजक्या रुंद रस्त्यांवर एक मार्गिका फक्त बससाठी राखा आणि ती राखलेली राहील एवढे पाहा. या पत्रात मागणी एवढी एकच आहे. ती तुमच्याकडे का करते आहे आणि पैशांच्या हिशेबातही ती कशी बसते, हे मात्र जरा सविस्तर सांगायचे आहे.

स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला, बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली. तेव्हापासून बस पालिकेची आहे आणि शहरातले बहुतेक रस्तेही पालिकेचेच आहेत. पण दोघांचे हिशेब कधी एकत्र मांडले जात नाहीत. रस्त्यावर खर्च झाला की त्याला विकासकाम म्हणतात, बसवर झाला की अनुदान. उड्डाणपूल किती कमावतो, असे कुणी विचारत नाही. बसला मात्र दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी तिचा तोटा मोजून दाखवला जातो.

म्हणून दोन्ही आकडे एकदा शेजारी ठेवू या. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा मार्ग १०.५८ किलोमीटरचा. मलबार हिलखालचे दुहेरी बोगदे, समुद्रात टाकलेला भराव, वरळीपर्यंतचे पूल हे सगळे धरून त्याला जवळपास चौदा हजार कोटी रुपये लागले. किलोमीटरमागे तेराशे कोटी. महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी तरतूद होती १,००० कोटींची. सबंध शहराच्या बससेवेला वर्षभरासाठी जे दिले ते त्या रस्त्याच्या एका किलोमीटरच्या खर्चापेक्षाही कमी आहे. त्या रस्त्यावर दुचाकीला, रिक्षाला आणि पायी माणसाला परवानगी नाही. बेस्टची बस तिथे नावापुरती दिसते. म्हणजे तो मोटारीचा रस्ता आहे, आणि त्यावर टोलही नाही. प्रकल्पाची आखणी चालू असताना त्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेची भाषा होती. रस्ता झाला, मार्गिका मात्र राहून गेली.

रस्ता उत्तम बांधला आहे आणि ज्यांना तो वापरता येतो त्यांचा वेळ वाचतो, यात शंका नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्या संस्थेला समुद्र मागे हटवता येतो तिला आंबेडकर रस्त्यावर पांढरा पट्टा ओढून त्याच्या आत बस ठेवता येत नाही का?

आता तोट्याविषयी. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. आमच्या घरी रोजच्या बोलण्यात फेऱ्या असायच्या. आज किती फेऱ्या झाल्या, कुठली फेरी पडली, कुठे अर्ध्यातून गाडी परत फिरवली. त्यांच्याकडून एक साधी गोष्ट लहानपणीच कळली होती. बसचा खर्च दिवसाचा असतो आणि कमाई फेरीची. ड्रायव्हरचा पगार, कंडक्टरचा पगार, गाडीचे भाडे किंवा हप्ता, आगाराचा खर्च, हे सारे बस धावली काय आणि हिंदमात्याला अडकून राहिली काय, तेवढेच लागते. समजा एका मार्गावर एक फेरी पन्नास मिनिटांत होते. आठ तासांच्या ड्युटीत विश्रांती धरून आठ फेऱ्या होतील. तीच फेरी दीड तासाची झाली की पाच होणेही मुश्कील. माणसे तेवढीच, गाडी तेवढीच, वीज किंवा गॅस उलट जास्त जातो, आणि तिकिटे जवळजवळ निम्म्यावर येतात. या घसरणीत कुणी आळस केला नाही, चोरी केली नाही, प्रवासीही कमी झाले नाहीत. बस फक्त रांगेत उभी होती. पुढे आणि बाजूला होत्या मोटारी, बहुतेकांत एखाददुसरा माणूस.

या रांगेची किंमत मोटारवाला वेळेच्या रूपाने देतो, पैशाच्या रूपाने देत नाही. बेस्ट मात्र ती वेळेच्याही रूपाने देते आणि पैशाच्याही. मग ती रक्कम बेस्टच्या ताळेबंदात तोटा म्हणून उमटते. मी तर म्हणेन की आपण ज्याला बेस्टचे अनुदान म्हणतो त्यातला मोठा भाग मोटारींनी अडवलेल्या रस्त्याचे भाडे आहे, आणि ते भरते आहे बस.

रांगेत अडकण्याचा आणखी एक परिणाम होतो, तो स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला रोज दिसतो. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बस एकामागोमाग. लोक ड्रायव्हरवर चिडतात. पण हे कसे घडते ते बघा. पुढची बस वाहतुकीत पाच मिनिटे मागे पडली की पुढच्या स्टॉपवर पाच मिनिटांचे जास्तीचे प्रवासी जमलेले असतात. ते चढण्यात आणखी वेळ जातो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला स्टॉप रिकामे मिळतात, ती भराभर येऊन पुढचीला गाठते. पहिली खच्चून भरलेली, दुसरी-तिसरी रिकामी. रिकामी बस पाहणारा म्हणतो, प्रवासी नाहीत, मार्ग बंद करा. भरलेली बस पाहणारा म्हणतो, या गर्दीत कोण चढणार, आपली गाडी घेऊ. दोघेही बसपासून दूर जातात. ठरलेल्या अंतराने बस सोडणे हे टाइमकीपरच्या हातात असते. ते अंतर टिकवणे रस्त्याच्या हातात असते.

स्टॉपपाशी काय चालते तेही कधी सकाळी नऊच्या सुमाराला परळला येऊन पाहावे. केईएम, वाडिया, टाटा या तिन्ही रुग्णालयांना येणारी माणसे इथे उतरतात. हातात फाइल, एक्स-रेची पिशवी, बरोबर थकलेले म्हातारे माणूस किंवा केमोथेरपीला आलेले लेकरू. स्टॉपच्या पुढ्यात गाड्या लावलेल्या असतात, म्हणून बस फूटपाथला लागू शकत नाही, ती दुसऱ्या मार्गिकेत थांबते. पेशंट बसच्या पायरीवरून थेट डांबरी रस्त्यावर उतरतो, तेही मागून दुचाक्या येत असताना. फूटपाथच्या कडेने बसची पायरी लागावी असेच स्टॉप आखलेले असतात. पण दहा मिनिटांसाठी लावलेली एक मोटार ती आखणी मोडून टाकते आणि तिच्यावर कारवाई होणे हे नशिबावर असते.

उभ्या मोटारीच्या जागेचाही हिशेब करावासा वाटतो. एका मोटारीला लागते अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली होती १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत पिढ्यान् पिढ्या सहा-सहा, आठ-आठ माणसे राहिली आणि दर महिन्याला भाडे भरत आली. ज्या शहरात माणसाला डोक्यावर छप्पर मिळवायला आयुष्य खर्ची घालावे लागते, त्या शहरात निर्जीव लोखंडाला जवळपास तेवढीच जागा सार्वजनिक रस्त्यावर फुकट मिळते. नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा पंचेचाळीस लाखांपलीकडे गेला आहे आणि रस्ते आहेत सुमारे दोन हजार किलोमीटर. यातल्या किती वाहनांना स्वतःची जागा आहे, हे तुमचे वॉर्ड अधिकारी मला सांगण्यापेक्षा तुम्हाला नीट सांगू शकतील.

तिकिटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ च्या जुलैत बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहा. वीस लाखांच्या आतबाहेर असलेले रोजचे प्रवासी काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेले. मुंबईकराला बस नको आहे, ही समजूत त्या एका निर्णयाने खोटी ठरवली. लोक शेअर रिक्षा सोडून, चालणे सोडून, दुचाकी घरी ठेवून परत आले. मग ज्यांच्यासाठी ते आले त्या गाड्याच कमी होत गेल्या. पंधरा वर्षांपूर्वी साडेचार हजारांच्या वर असलेला ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. लाख लोकसंख्येमागे ४० ते ६० बस असाव्यात, असा केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा निकष आहे. २०११ च्या जनगणनेतली १ कोटी २४ लाखांची संख्या धरली तरी मुंबईला पाच ते साडेसात हजार बस हव्यात. लोकल आणि मेट्रो आहेत म्हणून यातून थोडी सूट घ्या, तरी तीन हजारांच्या खाली हे समर्थनीय नाही.

मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले, वातानुकूलित बसचे सहाचे बारा. दहा रुपये ही फार मोठी रक्कम नाही असे जे म्हणतात त्यांनी घरकाम करणाऱ्या बाईचा महिना मांडून पाहावा. जायला दोन बस, यायला दोन. रोजचे विसाचे चाळीस झाले, पंचवीस दिवसांचे पाचशेचे हजार. तिच्या एका घरच्या कामाचा पगार कितीसा असतो! त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये, १५ तारखेपासून, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला होता. तो निर्णय राज्य मंत्रिमंडळाचा होता, तुमचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण नागरिकाला शासन एकच दिसते. मोटारीने शहरात येणाऱ्याचा टोल गेला आणि सात महिन्यांच्या आत बसने कामावर जाणारीचे तिकीट दुप्पट झाले, हे एवढेच तिला समजते आणि ते बरोबर समजते.

पूर्वी बसची तूट विजेच्या उत्पन्नातून भरून निघायची. शहर भागात वीज बेस्टचीच, आणि तिच्या नफ्यावर बस चालायची. २००३ च्या वीज कायद्यानंतर आणि नियामक आयोगाच्या निर्णयांमुळे तो मार्ग बंद झाला. त्याला पर्याय उभा करण्याची जबाबदारी मालकाची होती. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी नऊ दिवस संप केला, तेव्हा त्यांची प्रमुख मागणी होती की बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. संप मिटला, मागणी तशीच राहिली. त्याच वर्षी युनियनबरोबर करार झाला की बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखल्या जातील. आज स्वतःच्या गाड्या शेकड्यांत मोजाव्या लागतात. बाकीच्या भाडेतत्त्वावर, ठेकेदाराच्या. काही ठेकेदारांनी मधूनच सेवा थांबवली, ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केले, आणि त्या प्रत्येक वेळी स्टॉपवरचा माणूस वाट बघत राहिला. भाडेतत्त्वाला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, आणि तासाला आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने दिवसभरात किलोमीटर होणार किती? रस्ता मोकळा नसेल तर ठेक्याचेही गणित बुडते. शेवटी सगळे त्या मार्गिकेपाशीच येते.

मुंबईला मोटारीचा नाद सरकारच्या कागदावर फार पूर्वी लागला. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने शहरासाठी फ्रीवेंचा आराखडा दिला. तेव्हा रस्त्यावर ट्राम होती. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेली सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती गेली तेव्हा रस्ता मोकळा होईल असे सांगितले गेले. नव्वदच्या दशकात पन्नासहून अधिक उड्डाणपूल आखले गेले, २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, २०२४ मध्ये अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग. दर वेळी रस्ता काही काळ मोकळा झाला आणि मग पुन्हा भरला. नवा रस्ता संपतो तिथे जुनाच रस्ता सुरू होतो. समुद्रावरून चार मार्गिकांनी वेगाने आलेल्या मोटारी शेवटी जुन्या शहराच्या सिग्नलवरच येऊन थांबतात. आणि नवा रस्ता झाला म्हणून आणखी काही कुटुंबे मोटार घेतात. हे मुंबईपुरते नाही, जगभरच्या शहरांनी हा अनुभव घेतला आहे.

मोटार घेणाऱ्यांवर माझा राग नाही. माझ्याच इमारतीतल्या लोकांनी घेतल्या आहेत आणि त्यांची कारणे मला पटतात. आईला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. मुलगी रात्री अकराला सुटते. बस कधी येईल ते सांगता येत नाही आणि उशीर झाला की पगार कापतात. यातले जवळपास प्रत्येक कारण बस सुधारली तर कमी होईल. अपंग माणसाला, आजाऱ्याला, रात्रीअपरात्री निघणाऱ्याला मोटार लागेलच, आणि बाकीचे उतरले की त्यांच्यासाठीही रस्ता मोकळा राहील. आम्ही कर भरतो, असेही मोटारमालक म्हणतात. खरे आहे. पण मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. तुमचे रस्ते बांधले जातात ते शहरातल्या सगळ्यांच्या पैशांतून, ज्यांनी आयुष्यात मोटारीचे दार स्वतःच्या किल्लीने उघडले नाही त्यांच्याही.

रस्त्याची क्षमता गाड्यांत मोजायची की माणसांत, यावर सगळे अवलंबून आहे. सिग्नलच्या शहरी रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला फार तर सात-आठशे मोटारी जातात. मोटारीमागे दीड माणूस धरा, म्हणजे हजार-बाराशे माणसे. त्याच मार्गिकेतून दर मिनिटाला एक बस सोडली, प्रत्येकीत पन्नास माणसे, तर तीन हजार. मिनिटाला दोन सोडल्या तर सहा. बसच्या मार्गिकेत सतत बस दिसत नाही म्हणून ती रिकामी वाटते, आणि शेजारच्या रांगेतला मोटारवाला तिच्याकडे बघून संतापतो. पहिले दोन महिने वर्तमानपत्रांत रिकाम्या मार्गिकेचे फोटो छापून येतील. तेव्हा तुमच्या कार्यालयाने ठाम राहायला हवे, कारण तो फोटो दोन बसच्या मधल्या तीस सेकंदांत काढलेला असतो.

बसमार्गिका भारतात चालत नाही, पुण्यात बघा काय झाले, असे तुम्हाला नक्की सांगितले जाईल. पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात पहिल्यांदा हा प्रयोग केला. तो का बिघडला ते पाहण्यासारखे आहे. मार्गिका चौकाच्या आधी तुटायची, म्हणजे जिथे बसला तिची सर्वांत जास्त गरज तिथेच ती गायब. दुचाक्या आत शिरायच्या आणि त्यांना अडवणारे कुणी नसायचे. बस पुरेशा नव्हत्या. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिकाही काढून टाकली. अपयश अर्धवट कामाचे होते. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग सुरू केला तेव्हा मार्गिका सलग आणि स्टॉप मध्यभागी ठेवले, म्हणून तो पुण्यापेक्षा पुष्कळ टिकला. आमच्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलातही एकदा बसमार्गिका आखली होती. तिथे ती कधी रुजलीच नाही, कारण ती शहराच्या खऱ्या बसमार्गांना जोडलेलीच नव्हती.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले. त्याच दिवशी रस्त्यावर सुमारे तीनशे जादा बस आणल्या. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: पर्याय आधी हजर होता. सोलने २००४ मध्ये रस्त्यांच्या मधोमध बसमार्गिका आखल्या, आणि त्याच सुमारास शहराच्या पोटातून जाणारा उन्नत महामार्ग पाडून खालचा ओढा मोकळा केला. शहराची वाहतूक त्यामुळे ठप्प झाली नाही. मुंबईला उद्या शुल्क लावा असे मी म्हणत नाही. त्याआधी बस हवी.

म्हणून एकच रस्ता सुचवते: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, शीवच्या राणी लक्ष्मीबाई चौकापासून भायखळ्यापर्यंत, आठ-नऊ किलोमीटर. हा रस्ता निवडण्याची कारणे जमिनीवर आहेत. एक तर तो रुंद आहे आणि ट्रामच्या काळापासून सार्वजनिक वाहतुकीचा आहे. शीवचे रुग्णालय, परळची तिन्ही, भायखळ्यापलीकडचे जे. जे., या सगळ्यांकडे जाणारे रुग्ण आणि तिथले कर्मचारी याच रस्त्याने येतात. रिक्षाला शीवच्या अलीकडे यायची परवानगी नाही, त्यामुळे या भागात बस नसेल तर टॅक्सी, आणि टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या रस्त्याला वरचा मजला आधीच आहे. किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता, परळ, लालबाग, सगळीकडे उड्डाणपूल आहेत. थेट जाणाऱ्या मोटारी वरून जातात. बसला वर जाता येत नाही, कारण तिचे स्टॉप आणि तिची माणसे खाली आहेत. शहराने मोटारीला वरचा मजला बांधून दिला आहे, तर खालची एक मार्गिका बसला देताना कुणावर अन्याय होत नाही.

मार्गिका देताना काही गोष्टी सुटू नयेत. ती चौकातूनही सलग जावी. रुग्णवाहिकेला तिच्यात मुभा असावी, कारण रुग्णालयांचा रस्ता आहे. स्टॉपच्या आगेमागे वाहन उभे करायला पूर्ण बंदी आणि त्यासाठी कॅमेऱ्यावरून दंड, म्हणजे भांडण रस्त्यावर होणार नाही. बसच्या फेऱ्या त्याच दिवसापासून वाढाव्यात. मार्गिका रिकामी ठेवून लोकांना बसवर विश्वास ठेवायला सांगता येणार नाही. आणि एका फेरीला आधी किती वेळ लागत होता, नंतर किती लागतो, हे दर महिन्याला जाहीर व्हावे. बेस्टच्या गाड्यांवर जीपीएस आहे, हा आकडा तुमच्याकडे असतोच. फेरीचा वेळ कमी होऊन त्याच गाड्यांत फेऱ्या वाढल्या, तर बेस्टच्या अनुदानातले किती रुपये वाचले तेही अर्थसंकल्पात लिहावे. मग पुढच्या रस्त्याची मागणी मला करावी लागणार नाही, तुमचेच लेखा अधिकारी करतील.

मेट्रो आल्यावर बसची काय गरज, असेही अलीकडे ऐकू येते. आरे ते कफ परेड ही तिसरी मेट्रो मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली, ३३.५ किलोमीटरची, आणि ती झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण मेट्रोच्या जिन्यावरून वर आल्यावर घर, शाळा, दवाखाना एक-दोन किलोमीटरवर असतो. ते अंतर पार करायला बस नसेल तर माणूस परत दुचाकी घेतो आणि सदतीस हजार कोटींची मेट्रो शेजारून जाते. लोकलचेही तसेच. गोवंडीच्या शिवाजीनगरातून स्टेशनला, चारकोपातून कांदिवलीला, कुर्ल्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज जाणाऱ्या माणसांची मुंबई बसवरच उभी आहे.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा बेस्ट चालू होती. परिचारिका, सफाई कामगार, वॉर्डबॉय, पोलीस यांना घेऊन ती शहरभर फिरत होती. तिच्या चालक-वाहकांपैकी काहींनी त्या काळात जीव गमावला. त्या दिवसांत मोटारी नव्हत्या आणि बस वेळेवर पोचत होती. रस्ता मिळाला की बस काय करू शकते, हे या शहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आंबेडकर मार्गावरची ही मार्गिका सहा महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर जाहीर करा. पालिकेच्या अर्थसंकल्पात तिचा खर्च दिसणारही नाही: रंग, फलक, कॅमेरे आणि काही जादा गाड्या. वाहतूक पोलिसांची संमती लागेल. ती मागायला तुमच्या पदाची सही पुरेशी आहे. स्थानिक नगरसेवकांचा, दुकानदारांचा विरोध होईल. त्यांच्याशी बोलायला परळ-लालबागच्या आम्ही बसवाल्या बायका तुमच्याबरोबर यायला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
परळची एक बसप्रवासी